धरण म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

दर जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा फोटो फिरायला लागतो. काळी दगडी भिंत, तिच्यावरून ओघळणारं पाणी आणि खाली मजकूर: खडकवासल्याला तडे गेलेत, नदीकाठच्यांनी सावध राहा. फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी धरणाचा असतो. तासाभरात कुणीतरी 'अफवा आहे, पुढे पाठवू नका' असं टाकतं आणि ग्रुप पुन्हा सुप्रभातकडे वळतो. पण ज्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण अजून सांगितली जाते, तिथे त्या तासाभरात पोटात गोळा आलेला असतो.

फोटो खोटा असला तरी त्यामागचा प्रश्न खोटा नाही. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमाराचं आहे. म्हणजे पुणं ज्या भिंतीमागचं पाणी रोज पितं, ती भिंत आता दीडशेला टेकली. एवढा जुना वाडा असता तर पालिकेने कधीच 'धोकादायक इमारत' अशी पाटी ठोकली असती. मग धरणाचं काय? ते जुनं झालं हे कशावरून ओळखायचं आणि कोणी?

हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. भिंतीवर पाण्याचे खेळ कसे चालतात, एवढं कळलं की पुरे.

भिंत उभी राहते ती वजनावर

खडकवासला, भंडारदरा, तानसा ही दगडी धरणं. यांना 'गुरुत्व धरण' म्हणतात, म्हणजे निव्वळ स्वतःच्या वजनावर उभं राहणारं धरण. पाणी भिंतीला आडवं ढकलतं, भिंत आपल्या वजनाने जागेवर बसून राहते. बंद दाराला आतून पाठ लावून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. बाहेरून कितीही रेटा आला तरी तो जड असेल आणि त्याच्या बुडाखालची जमीन निसरडी नसेल, तर दार उघडत नाही.

आता रेटा किती असतो ते बघू. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. ३० मीटर खोलीवर भिंतीच्या दर चौरस मीटरला सुमारे ३० टनांचा दाब असतो. वर शून्य, तळाला ३० टन. ३० मीटर खोल पाणी असेल, तर धरणाच्या लांबीच्या एकेका मीटरला एकूण साडेचारशे टनांचा रेटा सोसावा लागतो. धरण तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद का असतं, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. मागे पाणी किती लांबवर पसरलंय, याचा भिंतीवरच्या दाबाशी काही संबंध नाही. जलाशय दोन किलोमीटर लांब असो की वीस, दाब ठरतो तो फक्त खोलीवर. गच्चीवरची टाकी लहान असो वा मोठी, पाण्याची पातळी तीच असेल तर खालच्या नळाला धार सारखीच येते, तसंच हे. पसारा मोठा असेल तर फरक पडतो तो धरण फुटल्यावर.

खोलीचा हिशेब मात्र फार कडक आहे. पाण्याची उंची दहा टक्क्यांनी वाढली तर आडवा रेटा २१ टक्क्यांनी वाढतो आणि धरणाला उलथवू पाहणारा जोर ३३ टक्क्यांनी. उलट पातळी थोडी उतरवली की धरणाला मोठा दिलासा मिळतो. धरणाबद्दल शंका आली की सगळ्यात आधी पाण्याची पातळी कमी करायला सांगतात, ती यासाठीच. केरळातल्या मुल्लपेरियार धरणावरून केरळ आणि तमिळनाडू या दोन राज्यांत इतकी वर्षं भांडण चाललंय ते १३६ फूट, १४२ फूट की १५२ फूट या आकड्यांवरून. बाहेरच्या माणसाला सहा-दहा फुटांसाठी एवढा वाद कशाला असं वाटतं. भिंतीसाठी ते फूट फार मोठे असतात.

पाणी खालूनही उचलतं

विहिरीतून कळशी ओढून बघितली असेल, तर पुढचं लगेच कळेल. कळशी पाण्यात असेपर्यंत दोर हलका लागतो. ती पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. पाणी तिला खालून उचलत असतं.

धरणाचंही तसंच होतं. कितीही चांगला खडक असला तरी त्यात बारीक भेगा असतात. त्यांतून पाणी भिंतीच्या पायाखाली शिरतं आणि भिंतीला वर ढकलायला लागतं. इंजिनिअर याला 'उत्थापक दाब' म्हणतात. आपण सोपं म्हणू: खालचा उचल. भिंत आपल्या वजनावर उभी आहे आणि हा उचल तिचं वजनच कमी करतो. दाराला पाठ लावून बसलेल्या माणसाला कुणी काखेत हात घालून थोडं वर उचललं तर त्याचा काय निभाव लागणार?

इथे वयाचा खरा संबंध येतो. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, त्यानंतर जगभरच्या इंजिनिअरांनी हा उचल गांभीर्याने हिशेबात धरायला सुरुवात केली. खडकवासला त्याच्या सोळा वर्षं आधीचं. तानसा १८९२ चं, तेही आधीचंच. ज्यांनी ही धरणं बांधली ते कामात कुठेही कमी नव्हते, पण हे ज्ञान तेव्हा जगातच नव्हतं. पुढच्या काळातल्या धरणांत भिंतीच्या पोटातून एक बोगदा ठेवतात. त्याला गॅलरी म्हणतात. पायातलं पाणी भोकांवाटे या गॅलरीत येतं आणि बाहेर काढून दिलं जातं, म्हणजे उचल कमी होतो. इतक्या जुन्या धरणांच्या मूळ आराखड्यात ही सोय सहसा नसते, ती नंतर करून द्यावी लागते.

जुनं धरण म्हणजे फक्त झिजलेलं धरण नव्हे. ते जुन्या समजुतीवर बांधलेलं धरणही असतं, आणि भिंत झिजली नसली तरी समजूत जुनी होते.

चुना विरघळतो

पावसाळ्यात गच्ची गळायला लागली की स्लॅबला खालून पांढरे ओघळ येतात, कधी कधी बर्फाच्या सुळक्यांसारखे बारीक खडे लोंबतात. आपण ते खरवडतो आणि वर डांबर लावतो. ते पांढरं म्हणजे स्लॅबमधला चुना असतो. पाणी झिरपताना त्याला विरघळवून बाहेर घेऊन येतं.

जुन्या दगडी धरणांचे दगड चुन्यात बसवलेले आहेत, काही ठिकाणी चुना आणि सुरखीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. दगडाला शंभर-दीडशे वर्षांत फारसं काही होत नाही. सह्याद्रीचा काळा दगड आहे तो. झिजतो तो दोन दगडांमधला चुना. वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहिलं की चुना जातो, सांधे पोकळ होतात. त्यातून आणखी पाणी झिरपतं आणि आणखी चुना जातो. भिंतीचं वजनही त्या प्रमाणात घटतं. आणि वजनावर तर सगळा डोलारा.

म्हणून भिंतीच्या कोरड्या अंगावर पांढरे डाग दिसले की जाणता माणूस तिथे थांबतो.

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका जुन्या दगडी धरणाच्या पायथ्याशी जायची संधी मला मिळाली. तिथे झिरपलेलं सगळं पाणी एका छोट्या चरात गोळा केलेलं होतं आणि चराच्या तोंडाशी एक लोखंडी पत्रा आडवा लावला होता. पत्र्याला मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. याला 'व्ही-नॉच' म्हणतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतंय हे मोजलं की गळती किती ते कळतं. मोजणारे काका निवृत्तीला आलेले होते. ते उकिडवे बसले, बाजूच्या पट्टीवर डोळा नेऊन एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग खिशातून पेन काढून वहीत आकडा लिहिला. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीची धरणातली पातळी. मी विचारलं, अर्ध्या सेंटिमीटरने काय एवढा फरक पडतो? ते म्हणाले, 'खाच आहे ना साहेब, पाणी चढलं की रुंदीपण वाढते.' नंतर मी हिशेब करून बघितला. व्ही-नॉचमध्ये पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो. अर्धा सेंटिमीटर ते उगीच दोनदा वाचत नव्हते.

मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उजेडात धरून दाखवलं. 'निवळ आहे,' म्हणाले. 'गढूळ आलं की फोन करायचा, वेळ बघायची नाही.'

धरणाच्या गळतीबद्दल जे महत्त्वाचं आहे ते बहुतेक सगळं या दोन गोष्टींत आलं. प्रत्येक धरण झिरपतं, नवंही झिरपतं. काळजी कधी करायची? धरणातली पातळी पूर्वीएवढीच असून गळती वाढली, तर. आणि पाणी गढूळ यायला लागलं, तर, कारण मग त्याच्याबरोबर आतलं काहीतरी वाहून येतंय. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. त्या काकांच्या वहीत सगळं दिसतं.

मातीच्या धरणाचं दुखणं निराळं

महाराष्ट्रातली बहुतेक धरणं मातीची आहेत. मधे चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर. इथे पहिला शत्रू म्हणजे आतून पोखरणारं पाणी. शेतात पाटाला बोटाएवढं भोक पडलं आणि वेळेवर चिखलाचा गोळा दाबला नाही, तर तासाभरात पाट फुटतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. धरणातही तेच घडतं, फक्त ते आत घडतं, डोळ्यांआड. दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी भिंत डोक्यावरून पाणी गेलं तरी काही काळ तग धरू शकते. मातीची भिंत विरघळते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. धरण लहान, मातीचं आणि वीस वर्षांचंही नव्हतं. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. धरण फुटल्यावर खेकड्यांनी पोखरल्याची चर्चा राज्यभर झाली. भरावात खेकडे, उंदीर बिळं करतात हे खरं आहे, आणि म्हणूनच दर वर्षी भरावावरची झुडपं काढून बिळं बुजवायची असतात.

'इंग्रजांनी बांधलंय, त्याला काय होतंय?'

हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं, आणि त्याच्या उलटं वाक्यही येतं: इतकं जुनं आहे, आज ना उद्या फुटणारच. दोन्ही बोलणारे वयाकडेच बघतात. आपल्याच राज्याचा इतिहास बघितला तर वय फार कमी सांगतं.

तिवरे वीसच्या आत फुटलं. पुण्याजवळचं टेमघर हे दगडी धरण या शतकातलं, आणि बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यातून इतकी गळती व्हायला लागली की २०१७ च्या सुमारास मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली. भिंतीत सिमेंटचा पातळ कालव दाबाने भरणं, म्हणजे ग्राउटिंग, आणि पाण्याकडच्या अंगाला काँक्रीटचा थर मारणं. कोयना अगदी नवं असताना, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात, त्याला दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या. भिंतीचा उतार जिथे बदलतो नेमक्या त्या उंचीवर. नंतर मागून भक्कम आधार बांधून ते बळकट केलं. भंडारदरा १९२६ चं, सुमारे ८२ मीटर उंच. १९६९ मध्ये त्याला तडे गेले आणि पाण्याचे झोत निघाले. म्हणजे वय त्रेचाळीस. त्यालाही मागून टेकू दिले, आणि आज ते शंभरीला उभं आहे.

आणि १९६१? पानशेत तेव्हा अजून बांधून पूर्णही झालं नव्हतं. मातीचं धरण, पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं, आणि पाऊस वाट बघत नव्हता. ११ जुलैच्या रात्री जवान भरावावर वाळूची पोती रचत होते. १२ च्या सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्याच्या भिंतीवर येऊन आदळलं, तिच्या माथ्यावरून वाहिलं आणि मग तीही तुटली. ऐंशी वर्षांचं धरण त्या दिवशी वयाने गेलं नाही. ज्या पाण्याची त्याच्या बांधणाऱ्यांनी कधी कल्पनाही केली नव्हती, ते एका सकाळी त्याच्या अंगावर आलं. मधल्या वेळात जे पाणी त्याने अडवून धरलं, त्यात पुण्यातल्या किती जणांना घराबाहेर पडता आलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

देशात शंभरी ओलांडलेली मोठी धरणं दोनशेहून जास्त आहेत आणि मोठ्या धरणांत महाराष्ट्राचा नंबर पहिला, दोन हजारांच्या वर. वयावरून निकाल लावायचा तर सगळीच मोडीत काढावी लागतील किंवा कशाचीच काळजी करायची नाही. प्रत्येक धरण वेगळं तपासण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

भिंत शाबूत, पण दारं?

लोक भिंतीकडे बघतात. अनुभवी अभियंता आधी सांडव्याकडे आणि दारांकडे बघतो. सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट.

कर्नाटकातलं तुंगभद्रा धरण सत्तर वर्षांचं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याच्या १९ नंबरच्या दाराची साखळी तुटली आणि दार वाहून गेलं. भिंतीला ओरखडा नाही, पण त्या मोकळ्या वाटेने धरणातलं पाणी दिवसचे दिवस वाया गेलं. शेवटी वाहत्या पाण्यात वरून एकेक पोलादी फळी उतरवून ती वाट बंद करावी लागली. आंध्रातलं अन्नमय्या धरण १९ नोव्हेंबर २०२१ ला फुटलं, तेव्हा त्याचं एक दार आधीपासून नादुरुस्त होतं. साखळी, दोर, रबरी पट्ट्या, मोटारी, वीज गेली तर चालणारं जनरेटर. धरणात सगळ्यात लवकर म्हातारं होतं ते हे सामान. दगड दीडशे वर्षं टिकतो, दोर टिकत नाही.

दुसरा प्रश्न सांडवा पुरेसा आहे का, हा. धरण बांधताना त्या नदीला जास्तीत जास्त किती मोठा पूर येईल याचा अंदाज करतात आणि त्यावरून सांडव्याचं माप ठरतं. जुन्या काळी पावसाच्या नोंदीच थोड्या वर्षांच्या होत्या, त्यामुळे अंदाजही तेवढेच. गुजरातेत मच्छू नदीवरच्या दुसऱ्या धरणात ११ ऑगस्ट १९७९ ला जो पूर आला, तो सांडव्याच्या कुवतीच्या कितीतरी बाहेरचा होता. पाणी मातीच्या बाजूंवरून गेलं आणि खालच्या मोरबी शहरावर आलं. आता ढगफुटीसारखे पाऊस वरचेवर येतात, म्हणून जुन्या धरणांचा पुराचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे काम कागदावरचं, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

खडकवासल्याच्या बाबतीत एक साधा हिशेब पुणेकरांना ठाऊक असायला हवा. त्याची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. वरच्या पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१. तिन्ही धरणांचं पाणी येतं ते खडकवासल्यात, आणि साखळीतलं सगळ्यात शेवटचं भांडं सगळ्यात लहान. सेकंदाला ३५,००० घनफूट पाणी येत राहिलं, तर रिकामं खडकवासला साधारण सोळा तासांत काठोकाठ भरेल. म्हणजे जोराच्या पावसात ते पाणी धरून ठेवू शकत नाही, सोडावंच लागतं. गाळ साचला की हे भांडं आणखी उथळ होतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते मुठेत ३५,००० क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) वर विसर्ग होता तेव्हा. धरण पूर्ण सुरक्षित होतं. पाण्यात बसलेल्या कुटुंबांना त्याचा काय उपयोग? धरणाची सुरक्षितता आणि धरणाखालच्या माणसांची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नदीपात्रात घरं बांधू दिली की दुसरी आपणच घालवतो.

'मग पाडून नवं का बांधत नाहीत?'

कारण धरणाची जागा निसर्ग ठरवतो. दोन्ही बाजूंना खडक, मधे अरुंद वाट, मागे मोठं खोरं. अशा जागा मोजक्याच असतात आणि चांगल्या जागा जुन्या इंजिनिअरांनी आधीच घेतल्या. नवी जागा म्हणजे पुन्हा गावं उठवणं. मुळशीच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होऊन गेली, पण विस्थापनाचं दुःख तिथे अजून ताजं आहे.

दुरुस्ती मात्र होते आणि चांगली होते. मुल्लपेरियार १८९५ चं, चुना-सुरखीचं. १९७९ नंतर त्याच्या माथ्यावर काँक्रीटची जड टोपी बसवली, म्हणजे वजन वाढवलं. पोलादी दोर वरून भिंतीतून खाली खडकात नेऊन ताणून बसवले, म्हणजे भिंत पायाला बांधली. मागून काँक्रीटचा आधार दिला. वर सांगितलेला हिशेब आठवला तर यातली प्रत्येक गोष्ट का केली ते कळेल. एवढं करून केरळातल्या लोकांची भीती गेली नाही. खाली राहणाऱ्याला ती वाटणारच. ती भीती अडाणीपणाची आहे असं म्हणण्याचा अधिकार वर राहणाऱ्याला नाही.

तपासतं कोण?

धरण सुरक्षितता कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरहून उंच सगळी धरणं त्यात येतात, १० ते १५ मीटरमधलीही काही अटींवर येतात. धरण ज्यांचं, त्यांनी दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याची तपासणी करायची. दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण, प्रत्येक राज्यात एक संघटना. आपली नाशिकला आहे. तपासणीत सापडलेल्या दोषांचे तीन वर्ग करतात: पहिल्यात धरणाच्या जिवावर बेतू शकणारे, दुसऱ्यात लवकर दुरुस्ती हवी असे, तिसऱ्यात किरकोळ.

याशिवाय कायद्यात दोन मोठी कामं आहेत. एक म्हणजे बाहेरच्या, स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाची सगळी बाजू नव्याने तपासणं: पुराचा हिशेब, भिंतीचा तोल, भूकंप, दारं, सगळं. दुसरं, आणीबाणीचा आराखडा. धरणाला काही झालंच तर पाणी कुठवर आणि किती वेळात पोचेल, कुणी कुणाला कळवायचं, लोकांनी कुठे जायचं. दोन्हींसाठी पाच वर्षांची मुदत, म्हणजे ३० डिसेंबर २०२६.

'हे सगळं जाहीर केलं तर लोक घाबरतील,' असं अधिकारी खासगीत सांगतात. मला हे पटत नाही. लोक आजही घाबरतातच, फक्त खोट्या फोटोंना घाबरतात. गळतीचा आकडा, दारं चालवून बघितल्याची तारीख, कोणत्या वर्गाचे किती दोष, हे दर पावसाळ्याआधी जलसंपदा विभागाने साध्या मराठीत एका पानावर दिलं, तर तो फोटो कुणी पुढे पाठवणार नाही. पाणीसाठ्याची टक्केवारी आपण रोज पेपरात वाचतोच की.

पाणी पाजणाऱ्या धरणाची अडचण

शेतीचं धरण उन्हाळ्यात तळ गाठतं. तेव्हा पाण्याकडची बाजू उघडी पडते, मोरी बघता येते, सांधे भरता येतात. शहराला पाणी पाजणाऱ्या धरणाला ही सुट्टी कधीच मिळत नाही. रोज सकाळी नळ यायला हवा. टेमघर रिकामं करून दुरुस्ती करता आली, कारण खडकवासल्याच्या वर आणखी दोन धरणं होती. खडकवासल्याचं तसं नाही. पानशेतचं असो वा वरसगावचं, पुण्याला येणारं पाणी त्यातूनच येतं. पुढे दौंड-इंदापूरचा कालवाही त्याच्यावरच.

म्हणून अशा धरणात पाण्याखालची पाहणी पाणबुडे किंवा कॅमेरे उतरवून करतात, आणि काही कामांसाठी पातळी काही आठवडे खाली न्यावीच लागते. त्याचा अर्थ पाणीकपात. ती जाहीर झाली की मोर्चे निघतात, नगरसेवक पत्रकं काढतात, आणि काम पुढच्या वर्षावर जातं. पुढच्या वर्षी तेच.

खडकवासला एकदा असं रिकामं झालं होतं. १९६१ च्या त्या आठवड्यात पुण्याच्या नळांना पाणी नव्हतं. मंडळी पेठांतल्या विहिरींवर आणि पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या जुन्या हौदांवर हंडे, कळशा, बादल्या घेऊन रांगा लावून उभी होती.